वैद्यकीय इच्छापत्र

इस्टेटीचें मृत्युपत्र करून ठेवण्याची चाल आपल्या सुशिक्षित घरांत रुळली आहे. परंतु बोलण्याची शक्ति गेल्यावर आपल्यावर कोणते उपचार व्हावे व कोणते होऊं नयेत, हें लिहून ठेवणारीं माणसें विरळाच. पूर्वीं श्वास मंदावला कीं वैद्य हात जोडीत. आज यंत्र श्वास चालूं ठेवितें, नळीवाटें अन्न जातें. आणि आशा मावळल्यावरहि ‘यंत्र काढावें काय?’ हा प्रश्न दाराबाहेर बसलेल्या मुलांवर येऊन पडतो. थोरल्यानें होय म्हणावें, तर धाकट्यास तो निष्ठुरपणा वाटतो. नाहीं म्हणावें, तर वडिलांचे हाल पाहवत नाहींत.

या प्रश्नाकडे साऱ्या देशाचें लक्ष वेधलें तें मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांतील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यामुळें. १९७३ सालच्या अमानुष हल्ल्यानंतर त्या चाळीस वर्षांहून अधिक काळ अंथरुणास खिळून होत्या. लेखिका पिंकी विराणी यांचा अर्ज सर्वोच्च न्यायालयानें ७ मार्च २०११ रोजीं फेटाळला. त्यांची जिवापाड सेवा करणाऱ्या रुग्णालयाच्या मंडळींस त्या जगाव्यात असेंच वाटत होतें. मात्र अपवादात्मक प्रसंगीं, उच्च न्यायालयाच्या संमतीनें, जीवनरक्षक उपचार थांबवितां येतील, असें त्याच निकालांत ठरलें. १८ मे २०१५ रोजीं अरुणाबाई वारल्या.

पुढें ९ मार्च २०१८ रोजीं पांच न्यायमूर्तींच्या घटनापीठानें सन्मानानें मरण येणें हा जीविताच्या हक्काचाच भाग ठरविला व वैद्यकीय इच्छापत्रास मान्यता दिली. परंतु त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही हवी, ही अट फार जाचक होती. २४ जानेवारी २०२३ रोजीं न्यायालयानें ती सैल केली. आतां सज्ञान व शुद्धबुद्धीच्या माणसानें दोन साक्षीदारांसमक्ष सही करून कागद नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यावा. त्यांत आपल्या वतीनें निर्णय देणाऱ्या आप्तांचीं नांवें असावीं व त्यांस प्रती द्याव्या. मन पालटल्यास तो केव्हांहि लेखी रद्द करितां येतो.

हें केल्यानें कोणी घाईनें यंत्र बंद करील, ही भीति निराधार आहे. प्रत्येकीं तीन डॉक्टरांच्या दोन मंडळांनीं एकमत करावें, आप्तांनीं संमति द्यावी व न्यायदंडाधिकाऱ्यास कळवावें, तेव्हांच उपचार थांबतात. औषध टोचून मरण घडविणें हा मात्र गुन्हाच आहे.

तथापि कपाटांत कुलुपबंद राहिलेला कागद कोणाच्याच उपयोगीं पडणार नाहीं. घरांत मरणाचें नांव काढणें आपण अशुभ मानतों; पण त्या मौनाचा भार शेवटीं मुलांच्या माथीं येतो. म्हणून सर्व मंडळी एकत्र जमलीं असतां, लेकी-सुनांसहि जवळ बसवून, वडीलधाऱ्यांनीं तो स्वतःच्या मुखानें वाचून दाखवावा. पुढें प्रसंग आलाच, तर आपण वडिलांस सोडलें असें मुलांस वाटणार नाहीं. त्यांची आज्ञा पाळली, एवढेंच वाटेल.