आठवड्याला एक सामना

पंचतारांकित एमआयडीसीत सकाळी रात्रपाळी सुटते, तेव्हा बाहेर पडणाऱ्या दुचाकींच्या गर्दीत माझा भाचाही असतो. कागलजवळच्या या वसाहतीत तो रात्री काम करतो, दिवसा बी.ए.चे तास करतो आणि कॉलेजच्या संघातून फुटबॉल खेळतो. गेल्या हंगामात दोन दिवसांची मजुरी बुडवून तो स्पर्धेला गेला. पहिलाच सामना हरून परतला. म्हणाला, "मामू, वर्षभर पळालो आणि एका मॅचमध्ये सगळं संपलं की ओ!"

असं का होतं? शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रात कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे येतात. आधी विभागीय सामने, मग आंतरविभागीय आणि त्यांतून विद्यापीठाचा संघ. हा संघ पुढे पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतो. ती तारीख ठरली की खालचं सगळं घाईनं उरकावं लागतं. पाऊस उघडणं आणि सत्र परीक्षा यांच्यामधल्या फटीत सामने बसवायचे, म्हणून बाद पद्धत. हरला तो घरी. जिंकला त्याला पुरती विश्रांतीही नाही. जोरकस सामन्यानंतर शरीर सावरायला दोन-तीन दिवस लागतात. थकल्या पायांनी खेळलं की दुखापतीचा धोका वाढतो.

हे दुखणं आपल्यापुरतं नाही. अमेरिकेतही कॉलेज फुटबॉलचा हंगाम ऑगस्ट ते डिसेंबर एवढ्यातच कोंबला जाई. आठवड्याला दोन-दोन सामने होत. पुरुषांचा हंगाम दोन्ही सत्रांत विभागावा, अशी मागणी तिथल्या प्रशिक्षकांनी वर्षानुवर्षं केली.

आपल्याला उत्तर शोधायला इतकं लांब जायला नको. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर साखळी सामनेही खेळतात. साखळीत आज हरलेल्याला पुढचा सामना असतो.

कॉलेजांनीही तेच करावं. निवडीची बाद स्पर्धा आहे तशी राहू द्या. जानेवारीपासून मात्र जवळजवळच्या कॉलेजांची छोटी साखळी घ्या, आठवड्याला एक सामना, आपापल्या मैदानांवर. प्रवासखर्च आटोक्यात राहील. तालमींचे सामने त्याच दिवसांत असतात, ही अडचण खरी. पण दोघांनी एकत्र बसून तारखा लावल्या तर ती सुटेल.

तारखा महिनाभर आधी कळल्या, तर माझा भाचा साहेबांकडून पाळी बदलून घेईल. यंदा खेळायचं की सोडायचं, हे त्यानं अजून ठरवलेलं नाही.