शेळीचे शिंग : वाढ, निगा आणि बोकडाची निवड

बाजारात शेळी विकत घेताना आपला शेतकरी तिचे दात पाहतो, कास चाचपतो, चाल पाहतो आणि मागील वेतात करडे किती झाली हेही विचारून घेतो. शिंगांकडे तो पाहतो ते बहुधा शोभा म्हणून, किंवा जनावर मारके आहे काय एवढ्याच हेतूने. शिंग म्हणजे नखासारखी एक निर्जीव वस्तू, ती असली काय आणि नसली काय, असा सर्वसाधारण समज आहे. या समजापायी कळपाचे नुकसान होते. आणि ते पुष्कळदा शिंगापाशी न दिसता दोन-तीन वर्षांनी भलत्याच ठिकाणी दृष्टोत्पत्तीस येते. प्रस्तुत लेखकास ही गोष्ट कळली ती नोकरीच्या आरंभी त्याने स्वतःच दिलेल्या एका चुकीच्या सल्ल्यामुळे. तो प्रसंग पुढे सांगितला आहे. तत्पूर्वी शिंग म्हणजे काय हे समजून घेतले पाहिजे.

शिंगाची घडण

सांबर, चितळ यांची शिंगे दरवर्षी गळून पडतात व त्या जागी नवी येतात. शेळी, मेंढी, गाय, म्हैस यांचे तसे नाही. यांचे शिंग एकदा आले की जन्मभर राहते, आणि मोडले तर पूर्ववत येत नाही. या शिंगाचे दोन भाग असतात. बाहेरचे कठीण कवच हे केस व खूर ज्या केराटिन नावाच्या द्रव्याचे बनतात त्याच द्रव्याचे असते. त्याच्या आत हाडाचा गाभा असतो, व तो कपाळाच्या हाडाशी एकजीव झालेला असतो. कवच आणि गाभा यांच्या मध्ये जिवंत त्वचेचा पातळ थर असून तो रक्तवाहिन्यांनी व मज्जातंतूंनी भरलेला असतो. नवे कवच तयार करण्याचे काम हाच थर करतो. तेव्हा बाहेरचे कवच जरी नखाप्रमाणे निर्जीव असले, तरी त्याच्या आतील भाग हाताच्या बोटाइतका जिवंत आहे.

आणखी एक गोष्ट ग्रामसेवक बंधूंनी विशेष ध्यानात ठेवावी. मोठ्या शेळीच्या कपाळाच्या हाडात जी पोकळी असते ती शिंगाच्या गाभ्यातही शिरलेली असते, आणि त्या पोकळीचा नाकाशी संबंध असतो. म्हणून वाढलेले शिंग बुडाशी मोडले म्हणजे केवळ शिंग मोडत नाही, डोक्यातील एक कोठडी उघडी पडते.

शिंग वाढते ते बुडापासून. टोक हा सर्वांत जुना भाग होय. तो करडाच्या वयातला. जनावर चांगले पोसले असले की बुडाशी वाढ सलग होते. चाऱ्याची टंचाई, आजार किंवा गाभणपणाचा ताण पडला की वाढ मंदावते, आणि कवचावर आडवी खाच उमटते. हिमपर्वतातील रानबकऱ्यांची वाढ हिवाळ्यात दरवर्षी जवळजवळ थांबते, म्हणून त्यांच्या शिंगांवरील वलये मोजून वय सांगता येते. आपल्याकडे हा हिशोब लागू पडत नाही. एका वर्षात दोन खाचा पडतील, किंवा बागायती गावात एकही पडणार नाही. वयासाठी खालच्या जबड्याचे पुढचे दात पाहावेत. साधारणतः एक ते दीड वर्षात दुधाच्या दातांची मधली जोडी पडून शेळी दोनदाती होते, दोन वर्षांच्या सुमारास चारदाती, अडीच ते तीन वर्षांत सहादाती आणि साडेतीन ते चार वर्षांत आठही दात पक्के होतात. तेल चोपडलेल्या चकचकीत शिंगांवरून वयाचा अंदाज बांधणाऱ्याने पैसे आधीच गमावले असे समजावे.

बोकडाची शिंगे बुडाशी जाड व एकमेकांच्या जवळ असतात; शेळीची बारीक असतात. लहानपणी खच्ची केलेल्या बोकडाची शिंगे न केलेल्या बोकडापेक्षा बारीक राहतात, यावरून नराच्या अंतःस्रावाचा शिंगाच्या वाढीशी असलेला संबंध दिसून येतो. बोकडाच्या शिंगांच्या मागे, बुडाशी लागूनच, वासाच्या ग्रंथी असतात. माजाच्या काळात येणारा उग्र दर्प बराचसा तेथलाच. शिंगांचा शरीर थंड ठेवण्याशीही संबंध असावा. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शेळीस उष्णता लागली असता शिंगातील रक्तवाहिन्या रुंदावतात असे आढळले. वैशाखात रानात हिंडणाऱ्या शेळीची शिंगे हातात धरून पाहावीत. बुडाचा भाग कोमट लागतो, टोक थंड लागते. जेथवर ऊब लागते तेथवर शिंग जिवंत आहे, अशी ही सोपी परीक्षा आहे.

शिंगाचे बी कोठे असते

करडू जन्मते तेव्हा त्याच्या डोक्यावर शिंग नसते, शिंगाची कळी असते. ही कळी आरंभी कवटीत नसून कातडीत असते. अमेरिकेतील मेन विद्यापीठात डव्ह नावाच्या शास्त्रज्ञाने १९३३ साली हे मोठ्या नामी रीतीने सिद्ध करून दाखविले. आयरशायर जातीच्या एका दिवसाच्या वासराच्या दोन्ही शिंगकळ्या सोडवून त्याने त्या कपाळाच्या मधोमध एकमेकींशेजारी बसविल्या. वासराचा बैल झाला तेव्हा त्याच्या कपाळावर मध्यभागी एकच सरळ शिंग उभे होते, आणि ते खालच्या हाडाशी पक्के जडलेले होते. म्हणजे शिंगाचे बी कातडीत असते; ते खालच्या हाडाला जागे करते व मग त्याच्याशी एकजीव होते.

या ज्ञानाचा व्यवहारात उपयोग असा की, ज्याला शिंगे नको असतील त्याने ती पहिल्या आठवड्या-दहा दिवसांतच रोखली पाहिजेत. पुढे कळीच्या जागी कवटीचाच भाग झालेला असतो. तापलेल्या डागणीने कळी जाळण्याची रीत गोठ्यात बांधून पोसल्या जाणाऱ्या दुधाळ शेळ्यांसाठी कित्येक देशांत रूढ आहे. परंतु करडाच्या कपाळाचे हाड फार पातळ असते. वासराला जितका वेळ डाग देतात तितका वेळ करडाला दिला तर उष्णता मेंदूपर्यंत पोहोचून करडू दगावते. बधिर करण्याच्या औषधाची मात्राही करडाला चटकन अधिक होते. म्हणून हे काम पशुवैद्यकाचेच आहे. रानात चरणाऱ्या शेळ्यांच्या बाबतीत या उपद्व्यापाची गरजच नाही, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. अर्धवट जळालेल्या कळीतून वेडेवाकडे खुंट उगवतात आणि ते पुढे वारंवार ठेचकाळत राहतात.

वाढलेले शिंग करवतीने कापून काढण्याचा विचारही कोणी करू नये. शिंग वळून डोळ्यात किंवा गालात रुतू पाहत असेल, तर थंड लागणारे टोकच तेवढे थोडे थोडे कापावे.

शिंग मोडल्यास

जत्रेच्या गर्दीत, गाडीतून नेताना, कुंपणात डोके अडकल्यामुळे किंवा दोन बोकडांच्या टकरीत शिंगे मोडतात. करडाला शिंगाला धरून ओढले तर कवच गाभ्यापासून निसटते. म्हणून धरावे ते गळपट्ट्याला किंवा हनुवटीखाली. कवच निसटले असता रक्त पुष्कळ वाहते, पण पोकळी उघडी पडलेली नसल्यास जखम बहुधा भरून येते. स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे व रक्त थांबल्यावर सैलसर पट्टी बांधावी. शिंग बुडाशी मोडले असेल तर मात्र कापडाने झाकून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. जखमेत शेण, माती, चुना, तंबाखू यांपैकी काहीही भरू नये. शेण व माती यांत धनुर्वाताचे जंतू असतात, आणि शेळीस धनुर्वात होतो. पावसाळ्यात माश्या अंडी घालतात व उघड्या पोकळीत किडे पडतात. तेथे ते वरून दिसत नाहीत. शेळी डोके एका बाजूस कलते ठेवते, झटकते, एका नाकपुडीतून घाण येते. अशा वेळी पट्टी वरून कितीही पांढरीशुभ्र दिसली तरी तिच्यावर विश्वास ठेवू नये.

भुंड्या बोकडाची गोष्ट

आता तो प्रसंग. मराठवाड्यातील एका गावी बारा-चौदा शेळ्या राखणारे एक वयस्क शेतकरी होते. त्यांच्या दोन शेळ्यांची कास कळपातील शिंगांनी फाटली होती. बोकड बदलण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी सल्ला विचारला. प्रस्तुत लेखक तेव्हा नुकताच पदवी घेऊन आलेला. "बाबा, भुंडा बोकड घ्या; दोन पिढ्यांत कळपातील शिंगांचा त्रास नाहीसा होईल," असे त्याने मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले. बाबांनी तसा बोकड आणला. उस्मानाबादी शेळ्यांत शिंगाळ व भुंड्या अशा दोन्ही माद्या असतात, नर मात्र बहुतेक शिंगाळ असतात. त्यामुळे भुंडा बोकड शोधण्यास त्यांना बरीच पायपीट पडली.

तिसऱ्या वर्षी ते कचेरीत आले. "साहेब, पाटी दोन वर्षांच्या होत आल्या, पण तीन पाटी माजावर काही येत नाहीत. दिसायला पाटी, पण वागणं बोकडाचं." त्यांच्या घरी ही कोणाची तरी करणी आहे अशी कुजबुज चालू झाली होती. पशुवैद्यक अधिकाऱ्यांनी तपासले तेव्हा तिन्ही जनावरे उभयलिंगी व कायमची वांझ असल्याचे दिसून आले. आयांची चौकशी केली. तिघींच्याही आया भुंड्याच होत्या.

याचे कारण असे. शिंगांविषयी प्रत्येक करडाला आईकडून एक व बापाकडून एक, असे दोन वाटे मिळतात. भुंडेपणाचा वाटा प्रबळ असल्याने तो एक जरी मिळाला तरी करडू भुंडे होते. पण या वाट्याच्या पाठीशी आणखी एक दोष चिकटलेला असतो. भुंडेपणाचे दोन वाटे मिळालेली मादी मादी म्हणून घडतच नाही. तिचे शरीर नराकडे झुकते. या दोहोंचा संबंध जाणकारांना फार पूर्वीपासून माहीत होता. २००१ साली फ्रान्समधील संशोधकांनी त्याचे मूळ शोधून काढले. शेळीच्या पहिल्या गुणसूत्रावरील एक छोटा तुकडा गळालेला असतो, व त्या एकाच उणिवेमुळे शिंगेही येत नाहीत आणि मादीची घडणही बिघडते. हे संशोधन प्रामुख्याने युरोपीय जातींच्या शेळ्यांवर झाले. बाबांच्या कळपाची तशी तपासणी झालेली नव्हती, हे येथे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. परंतु वांझ निघालेल्या प्रत्येक पाटीचे आईबाप दोघेही भुंडे होते, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही.

हिशोब कठीण नाही. जी भुंडी शेळी गाभण राहते तिच्याकडे भुंडेपणाचा एकच वाटा असतो. दोन असते तर ती व्यायलीच नसती. तिला एक वाटा असलेला भुंडा बोकड दाखविला, तर सरासरीने चारांतील एका करडाला दोन्ही वाटे मिळतात. त्यांतील निम्मे नर सोडले तर आठांमागे एक करडू वांझ निघते. बोकडाकडे दोन्ही वाटे असतील तर हेच प्रमाण चारांमागे एक होते. दोन वाट्यांच्या नरांतही काही बोकड नलिका बंद झाल्यामुळे निकामी ठरतात. याउलट आईबापांपैकी एक जरी शिंगाळ असेल, तर दोन वाटे एकत्र येणेच शक्य नाही आणि हा दोष उद्भवत नाही.

म्हणून नियम एवढाच : भुंड्या शेळीला बोकड शिंगाळ असावा. भुंडी शेळी विकून टाकण्याचे कारण नाही. ती दुधाला व वेताला शिंगाळ शेळीइतकीच चांगली असू शकते. ग्रामसेवकांनी गावातील बोकड पाहताना तो जन्मतः भुंडा आहे की त्याची शिंगे जाळलेली आहेत, हे मात्र विचारून घ्यावे. शिंगे जाळलेला बोकड पैदाशीपुरता शिंगाळच होय. नवजात करडात हा भेद बोटांनी कळतो. शिंगे येणार असतील तर कपाळावर दोन बाजूंस केसांचे दोन भोवरे असतात, आणि त्यांखालची कातडी हाडाशी चिकटलेली, न सरकणारी लागते. भुंड्या करडाच्या कपाळावर असे दोन भोवरे नसतात व कातडी मोकळी सरकते.

कास फाटण्याचा बाबांचा मूळ प्रश्न शिंगांचा नव्हताच. बारा-चौदा शेळ्यांना एकच आखूड गव्हाण होती, आणि खाताना रेटारेटी होई. त्यांनी दुसरी गव्हाण बांधली, दांडग्या शेळ्या वेगळ्या बांधू लागले आणि शेजारच्या गावातून एक शिंगाळ बोकड आणला. तीन वांझ पाटी खाटकाकडे गेल्या; त्यांच्या दोन वर्षांच्या चाऱ्याचा खर्च काही भरून निघाला नाही. पुढच्या वेताच्या वेळी प्रस्तुत लेखक गेला असता, बाबा ओसरीवर बसून कालच्या करडाच्या कपाळावर अंगठा फिरवीत होते. "दोन भोवरे हायेत, साहेब," ते म्हणाले, आणि त्यांनी ते करडू आईच्या कासेला लावले.