चालता-फिरता संगीत : इअरफोनची निवड

जपानमधील सोनी कंपनीने १ जुलै १९७९ रोजी ‘वॉकमन’ हे हातात मावणारे कॅसेट-यंत्र विक्रीस आणले आणि आवडीचे संगीत प्रवासात एकट्याने ऐकण्याची सोय झाली. पुढे कॅसेटची जागा प्रथम लहान तबकडीने आणि नंतर मोबाइल फोनने घेतली. कानाशी असणारे साधन मात्र तत्त्वतः फारसे बदलले नाही. बहुतेक इअरफोनांत एक पातळ पडदा, त्याला जोडलेले तारेचे बारीक वेटोळे आणि एक छोटा चुंबक असतो. विद्युतप्रवाह बदलेल त्याप्रमाणे वेटोळे मागेपुढे सरकते, पडदा थरथरतो आणि हवेत ध्वनिलहरी उमटतात.

इअरफोन घेताना ग्राहकाचे लक्ष प्रथम वेष्टनावरील आकड्यांकडे जाते. ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ ही मर्यादा बहुतेक सर्वच इअरफोनांवर छापलेली असते. तरुण व निरोगी मनुष्याच्या श्रवणाची मर्यादाही साधारणपणे हीच आहे. परंतु या मर्यादेतील सर्व स्वर सारख्या प्रमाणात ऐकू येतील की नाही, हे त्या आकड्यांवरून कळत नाही. विद्युतरोधाचा आकडा त्याहून उपयुक्त होय. १६ ते ३२ ओहमचा इअरफोन फोनवर सहज चालतो, तर ध्वनिमुद्रणगृहातील २५० किंवा ३०० ओहमच्या हेडफोनला बहुधा वेगळा ध्वनिवर्धक जोडावा लागतो. बिनतारी इअरफोनांत ध्वनिवर्धक आतच बसवलेला असल्यामुळे हा प्रश्न उद्भवत नाही.

प्रवासात मात्र याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे इअरफोन कानात नीट बसणे. कानाच्या पाळीत नुसता टेकणारा इअरफोन आणि कर्णनलिकेत बसणारा, रबरी टोपीचा इअरफोन यांत मोठा फरक आहे. पहिल्या प्रकारात फट राहते. तिच्यातून खालचे स्वर बाहेर निसटतात आणि रस्त्याचा गोंगाट आत शिरतो. दुसऱ्या प्रकारात टोपी योग्य मापाची असल्यास या दोन्ही गोष्टी टळतात. म्हणूनच चांगल्या इअरफोनबरोबर लहान-मोठ्या मापांच्या टोप्या दिलेल्या असतात. एकाच मनुष्याच्या दोन कानांना वेगवेगळ्या मापांच्या टोप्या लागणेही शक्य असते.

या फटीचा संबंध कानांच्या आरोग्याशीही आहे. बसमध्ये किंवा लोकलमध्ये बाहेरचा गोंगाट आत येऊ लागला, की श्रोता नकळत आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ मध्ये जाहीर केलेल्या मानकानुसार प्रौढांनी ८० डेसिबेल पातळीचा आवाज आठवड्यात जास्तीत जास्त ४० तास ऐकावा. पातळी दर ३ डेसिबेलने वाढली, की हा अवधी निम्मा होतो. म्हणजे ८९ डेसिबेलला केवळ ५ तास उरतात. अंतःकर्णातील सूक्ष्म केशपेशी एकदा नष्ट झाल्या, की मनुष्यात त्या पुन्हा निर्माण होत नाहीत. अर्थात, ज्या इअरफोनने कमी आवाजातही संगीत स्पष्ट ऐकू येते, तोच प्रवासासाठी उत्तम समजावा.

गोंगाट घटवण्याचा आणखी एक उपाय आहे. अमेरिकेतील प्राध्यापक अमर बोस यांना १९७८ मध्ये विमानप्रवासात सुचलेल्या कल्पनेतून, त्यांच्या कंपनीने १९८९ मध्ये वैमानिकांसाठी गोंगाटरोधक हेडसेट बाजारात आणला. त्यातील सूक्ष्म ध्वनिग्राहक बाहेरचा आवाज टिपतो आणि त्याच्या नेमक्या उलट लहरी निर्माण करून तो पुष्कळसा नाहीसा करतो. इंजिनाच्या अखंड घरघरीवर हा उपाय परिणामकारक ठरतो. शेजाऱ्यांच्या बोलण्यावर तितकासा नाही.

खरेदीपूर्वी परिचयाचे ध्वनिमुद्रण मंद आवाजात ऐकून पाहावे. ख्यालगायनाची मैफल या परीक्षेस फार सोयीची असते. डग्ग्याचा घुमारा भरीव, पण गायकाला न झाकणारा असावा. गायकाचे शब्द स्वच्छ उमटावेत. तंबोऱ्याच्या जवारीतील झंकार कर्कश न होता ऐकू यावा. डग्गा नुसताच पोकळ वाटल्यास प्रथम टोपीचे माप बदलून पाहावे, कारण दोष पुष्कळदा तेथेच असतो.

कान उत्तम रीतीने बंद करणारा इअरफोन वाहनाचा भोंगाही तितक्याच उत्तम रीतीने अडवतो. यास्तव रस्ता अथवा रेल्वेमार्ग ओलांडताना तो कानातून काढून ठेवावा.