नेमबाजीतील अवधान व प्रेरणा

स्पर्धेत नेम साधताना मन लक्ष्यावर स्थिर करण्याची व प्रत्येक नेमागणिक ते नव्याने स्थिर करण्याची मानसिक क्रिया. दहा मी. हवाई रायफल प्रकारात दहा गुणांचा मध्यबिंदू केवळ ०·५ मिमी. व्यासाचा असतो. शरीर पूर्णपणे निश्चल राहू शकत नसल्याने बंदूक किंचित हलतच असते. त्या हालचालीने विचलित न होता चाप हळुवार दाबणे, हे खरे कसब होय. साठ नेमांच्या फेरीत अखंड एकाग्रता टिकवावी लागते, हा समज चुकीचा आहे. अवधान काही सेकंदच तीव्र असते. नंतर बंदूक खाली घेऊन मन सैल सोडावे लागते. हॅटफील्ड, लँडर्स व रे यांनी १९८४ मध्ये कुशल नेमबाजांच्या मेंदूतील विद्युत्‌तरंग नोंदविले. चाप दाबण्यापूर्वी डाव्या बाजूचे आल्फा तरंग वाढल्याचे त्यांना आढळले. मनातील शब्दरूप विचार त्या क्षणी मंदावतात, असा त्याचा अर्थ लावला जातो.

पदकाची ओढ खेळाडूला वर्षानुवर्षे सरावास प्रवृत्त करते. परंतु नेम धरल्यावर तीच ओढ विघ्न ठरते. सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये क्वालालुंपूरच्या आशियाई स्पर्धेत ४०० पैकी ४०० गुण मिळवून विश्वविक्रमाशी बरोबरी केली. त्या काळी महिलांची फेरी चाळीस नेमांची असे. त्याच वर्षी अथेन्स ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत त्या आठव्या आल्या. यास मनोदौर्बल्य म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्या काळी अंतिम फेरीत प्रत्येक नेम आज्ञेनुसार व मर्यादित वेळात मारावा लागे. तिथली कसोटीच निराळी. अथेन्समध्येच अमेरिकेच्या मॅथ्यू एमन्स यांनी तीन स्थितींच्या रायफल स्पर्धेत आघाडीवर असताना अखेरचा नेम शेजारच्या लक्ष्यावर मारला व ते आठव्या स्थानी घसरले. एकाग्रता होती, पण ती मन शांत करण्यावर. लक्ष्यक्रमांक पाहण्याचे राहून गेले.

पुढे शिरूर यांनी नवी मुंबईलगतच्या पनवेल येथे प्रशिक्षणकेंद्र चालविले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली जयपूरच्या अवनी लेखरा यांनी टोकिओ पॅरालिंपिकमध्ये (२०२१) २४९·६ गुणांसह सुवर्णपदक जिंकले. २०१३ पासून पात्रता फेरीचे गुण अंतिम फेरीत धरले जात नाहीत. सर्वांचा आरंभ शून्यापासून होतो, त्यामुळे आधीच्या फेरीचे यश वा अपयश मनातून काढून टाकणे अधिकच निकडीचे झाले आहे. कोल्हापूरचे स्वप्नील कुसाळे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पात्रता फेरीत सातवे होते. अंतिम फेरीत गुडघ्यावर बसून व पालथे पडून मारलेल्या नेमांनंतरही ते मागेच होते, मात्र उभ्या स्थितीत त्यांनी कांस्यपदक खेचून आणले.