साडेतीन कोटी प्रेक्षक, एक अक्षर

'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन : डॉन ऑफ जस्टिस' हा झॅक स्नायडरचा चित्रपट २५ मार्च २०१६ला प्रदर्शित झाला आणि पहिल्या रविवारची रात्र होईपर्यंत जगभरातून त्यानं ४२ कोटी डॉलर जमवले. तेव्हाच्या दरानं हे जवळपास २,८०० कोटी रुपये होतात. थिएटरांतून उतरेपर्यंत हा गल्ला ८७ कोटी डॉलरवर, म्हणजे साधारण ५,८०० कोटी रुपयांवर गेला. यातले ३३ कोटी डॉलर एकट्या अमेरिका-कॅनडाचे. त्या वर्षी तिथल्या तिकिटाची सरासरी किंमत ८ डॉलर ६५ सेंट होती. भागाकार केला तर ३ कोटी ८० लाख तिकिटं येतात. थ्रीडी आणि आयमॅक्सची महागडी तिकिटं लक्षात घेऊन हात राखून धरलं, तरी साडेतीन कोटींच्या आसपास माणसं हा चित्रपट पाहून आली.

चित्रपट १५१ मिनिटांचा. साडेतीन कोटी माणसांची १५१ मिनिटं एकापुढे एक मांडत गेलं तर दहा हजार वर्षं भरतात. आजपासून दहा हजार वर्षं मागं गेलं तर बलुचिस्तानातल्या मेहरगढची पहिली वस्तीही अजून वसायची असते. माणसांनी एवढा काळ एका खंडात, काही आठवड्यांत, एका गोष्टीसमोर अंधारात बसून घालवला. आणि त्यातून काय उरलं म्हणून शोधायला जावं तर हाती येतं एक अक्षर आणि दोन-तीन आकडे : सिनेमास्कोरचा 'बी', रॉटन टोमॅटोजचे २९ टक्के, मेटाक्रिटिकचे ४४ गुण.

दहा हजार वर्षांचं पाहणं एका अक्षरात कसं मावलं, हा प्रश्न मला या चित्रपटाच्या कथानकापेक्षाही जास्त गुंतवून ठेवतो.

आधी ते अक्षर कुठून येतं ते पाहू. सिनेमास्कोर ही संस्था एड मिंट्झ यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस सुरू केली. पद्धत अगदी साधी. चित्रपट लागला त्या पहिल्या संध्याकाळी काही निवडक शहरांतल्या थिएटरांच्या दारात माणसं उभी राहतात आणि प्रेक्षकांच्या हाती एक छोटं कार्ड देतात. वय, स्त्री की पुरुष, कशासाठी आलात, आणि चित्रपटाला श्रेणी काय द्याल : ए, बी, सी, डी की एफ? अशी साधारण चारशेच्या घरातली कार्डं जमली की सरासरी काढतात आणि ती अक्षरात जाहीर करतात.

साडेतीन कोटींच्या वतीनं चारशे माणसं बोलणार, हे ऐकून कुणालाही शंका येईल. पण संख्याशास्त्राला इथं फारशी अडचण नाही. नमुना सरमिसळ असेल तर चारशे माणसांवरून काढलेल्या टक्केवारीत साधारण पाच टक्के इकडेतिकडे होतात, आणि मागं उभी असलेली लोकसंख्या एक लाख आहे की शंभर कोटी, यानं त्यात जवळजवळ काहीच फरक पडत नाही. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात ती याच भरवशावर. अट एकच, पातेल्यातला भात सगळीकडे सारखा शिजलेला हवा. पहिल्या संध्याकाळचं थिएटर तसं नसतं. तिथं आलेला प्रेक्षक महिनोन् महिने वाट पाहून, ट्रेलर पाठ करून आलेला असतो, आवडून घ्यायच्या तयारीनं आलेला असतो. म्हणून अशा चित्रपटांना सहसा 'ए'च्या आसपासची श्रेणी मिळते. २०१२च्या 'द ॲव्हेंजर्स'ला 'ए प्लस' होता, स्नायडरच्याच 'मॅन ऑफ स्टील'ला 'ए मायनस'. 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन'ला 'बी' मिळाला तेव्हा तो 'कॅटवुमन' आणि 'ग्रीन लँटर्न'च्या पंगतीत जाऊन बसला. सर्वांत जास्त प्रेम करणाऱ्या माणसांनी दिलेला हा 'बी' होता.

आता त्या चारशे कार्डांकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहू, कारण खरी डोकं गरगरवणारी संख्या तिथं आहे. प्रत्येक कार्डावर पाच पर्याय. दोन माणसं असतील तर पंचवीस प्रकारे मतं पडू शकतात, तीन असतील तर सव्वाशे प्रकारे. चारशे माणसं असतील तर चारशे वेळा पाच मांडून ते एकमेकांशी गुणायचे. उत्तर २८० आकडी येतं. दिसू शकणाऱ्या सगळ्या विश्वातल्या अणूंची संख्या लिहायला ऐंशीच्या आसपास आकडे पुरतात, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. म्हणजे थिएटरच्या दारात उभ्या असलेल्या चारशे माणसांची मतं जितक्या तऱ्हांनी पडू शकतात, त्यापुढे विश्वातले सगळे अणू किरकोळ ठरतात. ही अफाट शक्यता सरासरीत घातली की फक्त १,६०१ वेगवेगळ्या किमती उरतात. त्या सरासरीचं अक्षर केलं की 'ए प्लस'पासून 'एफ'पर्यंत तेरा.

यात 'बी' नेमकं काय सांगतो? चारशेच्या चारशे जणांनी 'बी' दिला असेल, तरी 'बी' येतो. तीनशे जणांनी 'ए' आणि शंभर जणांनी 'एफ' दिला, तरीही 'बी'च येतो. पहिल्या थिएटरातून माणसं खांदे उडवत घरी जातात. दुसऱ्यातून काही डोळे पुसत बाहेर पडतात आणि काही संतापून. ही दोन थिएटरं एकमेकांच्या जवळपासही नाहीत. मला ठाम वाटतं की हा चित्रपट दुसऱ्या जातीचा आहे. नऊ वर्षांहून जास्त काळ लोटला तरी त्याच्यावरून माणसं अजून भांडतात, आणि खांदे उडवून गेलेली माणसं इतकी वर्षं भांडत नाहीत.

भांडण कशावरून आहे तेही सांगायला हवं. चित्रपटाची मुळं दोन कॉमिकमध्ये आहेत. फ्रँक मिलरचं १९८६ सालचं 'द डार्क नाइट रिटर्न्स', ज्यात पन्नाशी ओलांडलेला, थकलेला, कडवट ब्रूस वेन पुन्हा बॅटमॅनचा मुखवटा चढवतो आणि शेवटी सुपरमॅनशी भिडतो. आणि १९९२च्या नोव्हेंबरमध्ये आलेला 'सुपरमॅन'चा ७५वा अंक, ज्यात डूम्सडे नावाच्या राक्षसाशी लढताना सुपरमॅन मरतो. त्या अंकाच्या लाखो प्रती खपल्या आणि दुकानांबाहेर रांगा लागल्या. एका कथेला तिचा राग होता, दुसरीला तिचा शोक. स्नायडरनं दोन्ही एका चित्रपटात ठासून भरल्या, वर पुढच्या चित्रपटांची पेरणीही केली. कॉमिक वाचून आलेल्याला प्रत्येक चौकट ओळखीची वाटली. न वाचलेल्याला मधूनच येणारी स्वप्नं आणि दृष्टान्त कुठून आले ते कळेना. आणि वाचून आलेल्यांतच असे अनेक होते ज्यांना माणसं मारणारा बॅटमॅन मान्यच नव्हता.

एका शब्दावर तर सगळं थिएटर दुभंगलं. बॅटमॅन भाला रोखून उभा आहे, सुपरमॅन त्याच्या पायाखाली आहे आणि तो आपल्या आईचं नाव घेतो : मार्था. बॅटमॅनच्या मारल्या गेलेल्या आईचंही नाव मार्था. कॉमिकमध्ये ही दोन नावं कित्येक दशकं शेजारी शेजारी होती. त्या योगायोगावर आख्खी लढाई थांबवायचं धाडस या चित्रपटानं केलं. कुणी त्या क्षणी हसलं, कुणाला तिथं बॅटमॅन पहिल्यांदा माणूस दिसला. मला स्वतःला तो प्रसंग मनापासून पटतो. सुरुवातही तितकीच पटते, जिथं 'मॅन ऑफ स्टील'मधला इमारती कोसळवणारा संघर्ष या वेळी जमिनीवरून, धुळीत धावणाऱ्या ब्रूस वेनच्या डोळ्यांनी दिसतो. खलनायक लेक्स लूथरची चुळबुळ मात्र मला शेवटपर्यंत सोसवत नाही. एका माणसाच्या एकाच मतात इतक्या भेगा असतील, तर त्याला एक अक्षर कुठलं लावणार?

समीक्षकांच्या आकड्यांची गंमत आणखी निराळी आहे. रॉटन टोमॅटोजवर चारशेहून जास्त परीक्षणं जमली आणि आकडा आला २९ टक्के. बहुतेक वाचकांनी तो शंभरपैकी २९ गुण असा वाचला. तो तसा नाही. तिथं प्रत्येक परीक्षण फक्त 'बरं' किंवा 'वाईट' अशा दोन खान्यांत टाकतात आणि 'बरं' किती टक्के ते सांगतात. दहापैकी साडेपाच देणारा कुरकुरता समीक्षक आणि शून्य देणारा एकाच खान्यात पडतात. त्याच समीक्षकांनी दिलेल्या गुणांची सरासरी काढली तर ती दहापैकी पाचाच्या आसपास येते. मेटाक्रिटिकनं मोजक्या पन्नासेक परीक्षणांना वजन देऊन ४४ काढले आणि हा चित्रपट 'संमिश्र' या गटात ठेवला. म्हणजे एका फळीवर तो सडका, दुसरीवर मधला, आणि परीक्षणं लिहिणारी माणसं जवळपास तीच.

आयएमडीबी या संकेतस्थळावर सात लाखांहून जास्त लोकांनी या चित्रपटाला गुण दिले आहेत, आणि सरासरी साडेसहाच्या जरा खाली आहे. सात लाख ही लहान संख्या नाही. एका मध्यम शहराची वस्ती आहे. तरी नुसत्या अमेरिका-कॅनडातल्या तिकिटांशी ताडून पाहिलं तर ती शंभरात दोन भरते, आणि गुण देणारे तर सगळ्या जगातले आहेत, घरी बसून पाहिलेलेही आहेत. म्हणजे प्रत्यक्ष प्रमाण त्याहून खूप कमी. उरलेले सगळे पाहून गेले, गाडीत बसून दोन वाक्यं बोलले असतील, आणि विषय संपला. त्या दोन वाक्यांची नोंद कुठेच नाही. समजा, साडेतीन कोटींपैकी प्रत्येकानं पन्नास शब्दांचं मत लिहिलं असतं आणि कुणी ती सगळी वाचायला बसलं असतं. मिनिटाला दोनशे शब्द हा चांगला वेग आहे, एका मताला पंधरा सेकंद. न जेवता, न झोपता वाचत राहिलं तरी साडेसोळा वर्षं लागतात. मार्च २०१६मध्ये सुरू केलेलं वाचन २०३२च्या हिवाळ्यात संपेल.

बोलून न दाखवलेलं मत तिकीटबारीवर मात्र दिसतं. शुक्रवारी अमेरिका-कॅनडात ८ कोटी डॉलरच्या वर आलेला गल्ला रविवारी साडेतीन कोटींच्या खाली उतरला. यातला काही भाग हिशेबाचा आहे. गुरुवारी रात्रीच्या खेळांची कमाई शुक्रवारात धरलेली होती, आणि तो रविवार ईस्टरचा होता. पण पुढच्या आठवड्याला अशी सबब नव्हती. १६ कोटी ६० लाखांवरून कमाई ५ कोटी १३ लाखांवर आली, ६९ टक्क्यांची घसरण. ज्यांना पाहायचाच होता ते पहिल्या तीन दिवसांत येऊन गेले, आणि बाहेर पडून त्यांनी शेजाऱ्याला 'जाच' असं सांगितलं नाही. सहा आठवड्यांनी 'कॅप्टन अमेरिका : सिव्हिल वॉर' आला. त्यातही नायकच नायकांशी लढत होते. त्याला 'ए' मिळाला आणि जगभरात ११५ कोटी डॉलर.

त्याच वर्षी स्नायडरची १८२ मिनिटांची आवृत्ती आली, मूळ चित्रपटापेक्षा ३१ मिनिटं जास्त. आफ्रिकेतल्या हत्याकांडाचं जे उपकथानक थिएटरात लटकत राहिलं होतं, ते तिच्यात पायावर उभं राहतं, आणि क्लार्क केंट, म्हणजे सुपरमॅनच, पत्रकार म्हणून काम करताना दिसतो. लांबी वाढली आणि चित्रपट हलका झाला, असं क्वचित घडतं. ज्यांनी पहिल्या आवृत्तीला 'सी' दिला असता अशा अनेकांनी हिला वेगळी श्रेणी दिली असती, पण कार्डं पहिल्या संध्याकाळीच गोळा झालेली असतात.

पुढं 'जस्टिस लीग' या पुढच्या चित्रपटाच्या निर्मितीत असताना मुलीच्या मृत्यूनंतर स्नायडर बाजूला झाला, दुसऱ्याच्या हातून २०१७ला दोन तासांचा चित्रपट आला आणि फसला. त्यानंतर जगभरच्या चाहत्यांनी मूळ आवृत्ती मागत मोहीम चालवली, आणि ती चालवताना आत्महत्या रोखण्याचं काम करणाऱ्या अमेरिकी संस्थेसाठी पाच लाख डॉलरहून जास्त निधी उभा केला. १८ मार्च २०२१ला स्नायडरचा २४२ मिनिटांचा 'जस्टिस लीग' प्रदर्शित झाला. एकूण प्रेक्षकांच्या तुलनेत मोहीम चालवणारी ही माणसं मूठभरच होती. पण त्यांच्या प्रेमाची खोली कुठल्याही सरासरीत दिसली नव्हती, म्हणून स्टुडिओलाही ती इतक्या उशिरा कळली.

जुलै २०२५मध्ये जेम्स गन यांचा नवा 'सुपरमॅन' आला. समीक्षकांपैकी ८० टक्क्यांहून जास्त खूश, सिनेमास्कोर 'ए मायनस'. त्याची जगभरची कमाई ६१ कोटी डॉलरच्या पुढं जाऊन थांबली. लोकांनी नावं ठेवलेल्या चित्रपटाचे ८७ कोटी होते, आणि तेही नऊ वर्षांपूर्वीच्या, जास्त वजनदार डॉलरमध्ये. २०१६ला एकट्या चीननं साडेनऊ कोटी डॉलर दिले होते. २०२५ला तिथून एक कोटीच्या आसपासच आले.