झटक्यानंतरची नाडी आणि वत्सनाभ

थांबून थांबून चालणारी नाडी शार्ङ्गधरांनी प्राणघातक मानली आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णाच्या मनगटावर बोटे ठेवताना आम्हांस हे हटकून आठवते. झटक्यात हृदयस्नायूचा जो भाग मृत होतो, तेथे पुढे व्रण उरतो. त्याच्या कडेने विद्युत्प्रवाह घोटाळत राहिला की खालच्या कप्प्यांत अतिवेगी ठोके सुरू होतात. पहिल्या काही तासांत हा धोका सर्वाधिक. पण व्रण असेतोवर, वर्षे लोटली तरी, तो संपत नाही.

पावसाळा लागला की किनवटपासून निलंग्यापर्यंत आपले दवाखाने ज्वर-प्रतिश्यायाच्या रुग्णांनी भरतात आणि हात सवयीने त्रिभुवनकीर्तीच्या बाटलीकडे जातो. त्यात वत्सनाभ आहे, शिवाय धोत्र्याची भावनाही. आनंदभैरव व मृत्युंजय रसांतही वत्सनाभ आहेच. त्यातील अॅकोनिटिन हृदयपेशींची सोडियमद्वारे उघडी ठेवते, त्यामुळे पेशी अवेळी व पुनःपुन्हा उद्दीपित होतात. गोमूत्रात वा गोदुग्धात केलेल्या शोधनाने हे विष पुष्कळ सौम्य होते, ही आपल्या परंपरेची थोरवीच. परंतु प्रत्येक बाटलीतील शोधन आपण डोळ्यांनी पाहिलेले नसते. निरोगी हृदय जे पचवते, ते व्रणित हृदय पचवीलच असे नाही. म्हणून अशा रुग्णास आम्ही वत्सनाभाचे कल्प देत नाही; गुळवेल, महासुदर्शन यांवर भागवितो.

हा धडा केवळ आपल्यापुरता नाही. झटक्यानंतरचे अनियमित ठोके दाबण्यासाठी दिलेल्या एन्केनाइड व फ्लेकेनाइड या औषधांनीच मृत्यू वाढल्याचे १९८९ साली 'कास्ट' चाचणीत दिसून आले होते.

औषधालय चालविणाऱ्या बंधूंना ठाऊकच आहे, की वत्सनाभ अनुसूची ई (१) मध्ये असून वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापावी लागते. ती सूचना वाचतो कोण? गिऱ्हाइकाने ताप सांगून गोळ्या मागितल्या, तर "पूर्वी झटका आला होता का?" एवढे विचारावेच. मूत्रल गोळ्या घेणाऱ्यास ज्येष्ठमध दीर्घकाळ देऊ नये. पोटॅशियम घटून ठोके बिघडतात. अर्जुन सुरू केला म्हणून मेटोप्रोलॉलसारखी गोळी रुग्णाने परस्पर बंद केली, तर तेही घातकच.

तपासताना नाडी पूर्ण एक मिनिट मोजावी आणि त्याच वेळी हृदयध्वनीही ऐकावेत; हृदयाचे काही ठोके मनगटापर्यंत पोहोचतच नाहीत. नाडी दीडशेच्या पुढे, सोबत घाम व भोवळ असेल, तर कोणतीही मात्रा उगाळत न बसता १०८ क्रमांकास दूरध्वनी करावा आणि चालू असलेल्या सर्व औषधांची, आपल्याही, यादी रुग्णासोबत द्यावी.