दिसतं, बघते आणि चाखून बघ

मुंबईत दिंडोशीच्या पूर्वेला नॅशनल पार्कचं जंगल आहे. तिथल्या वस्तीत कुणी म्हणतं, ‘मला रात्री बिबट्या दिसतो.’ हे ‘दिसतो’ बोलणाऱ्याचं ऐकत नाही. बोलणारी बाई असली तरी तेच. बिबट्याच्या जागी मांजर आलं तर मात्र ‘दिसतं’. ‘मी बघते’ म्हटलं, की क्रियापद लगेच तिच्याकडे वळतं. नकळत दिसणं आणि मुद्दाम बघणं यांतला फरक इंग्रजी ‘सी’ आणि ‘लुक’ अशा दोन शब्दांनी दाखवते, पण कर्ता दोन्हीकडे ‘आय’च. मराठीत ‘दिसतं’ म्हणताना पाहणाराच ‘मी’चा ‘मला’ होतो. मला हे फार सुंदर वाटतं.

स्वीडिश भाषाशास्त्रज्ञ ओके व्हीबर्ग यांनी १९८०च्या दशकात सुमारे ५० भाषांतली अशी क्रियापदं ताडून पाहिली. डोळ्याचा शब्द इतर इंद्रियांकडे सरकतो, उलट प्रवास सहसा होत नाही, असं त्यांना आढळलं. आपलं स्वयंपाकघर याला साक्ष आहे : आमटी चाखून बघ, दूध नासलंय का वास घेऊन बघ.

डोळ्याचा शब्द समजण्याकडेही सरकतो. इंग्रजीत ‘आय सी’ म्हणजे ‘समजलं’. संस्कृत ‘विद्’ म्हणजे जाणणे. त्यातून वेद, विद्या. लॅटिन ‘व्हिडेरे’ म्हणजे पाहणे, त्यातून व्हिडिओ. ‘विद्’ आणि ‘व्हिडेरे’ यांचं मूळ एकच. ऑस्ट्रेलियातल्या अनेक मूळ भाषांत मात्र समजण्याचा शब्द कानाकडून येतो. मराठीत ‘पोरगा ऐकत नाही’ म्हणणाऱ्या आईची तक्रारही कानांबद्दल नसते.